वगैरेचे वैरी

गुंडूअण्णांसमोर ‘वगैरे’ म्हणायची सोय नव्हती.

ते आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा माझी बायको सहज म्हणाली, “बसा अण्णा, पोहे वगैरे करते.”

“वहिनी, पोहे समजले. वगैरे काय करणार?”

ती गोंधळली. डब्यात रव्याचा एक लाडू होता, तो तिने बशीत ठेवला. तेव्हापासून आमच्या घरात रव्याच्या लाडवाला वगैरे म्हणतात. नातवंडं तर पाहुण्यांसमोरही “आजी, अजून एक वगैरे दे” म्हणतात.

पन्नास-साठच्या दशकांतली ही गोष्ट. बंगळूरच्या वेशीबाहेर यंत्रांचा सरकारी कारखाना आणि त्याला लागून आमची वसाहत. मी पुण्याचा ड्राफ्ट्समन. भिंतीपलीकडे गुंडूअण्णा, निपाणीकडचे, एकटे. यंत्रं फिरवणारे चामडी पट्टे तुटले की शिवायचे आणि सैल पडले की ताणायचे, हे त्यांचं काम. अख्ख्या कारखान्यात हे काम करणारा दुसरा माणूस नव्हता.

वसाहतीच्या गणपतीत भटजींनी संकल्पात चार नावं घेतली आणि ‘इत्यादी’ म्हणून पळी उचलली. अण्णांनी त्यांचा हात धरला.

“भटजी, इत्यादी कोण? त्याचं गोत्र सांगा.”

“अहो, सगळे आलेच की त्यात!”

“आले ना? मग नावं घ्या. घाई देवाला आहे का तुम्हाला?”

नावं घेता घेता मोदक गार झाले. बायका अण्णांवर चिडल्या. माळ्याचं नाव मात्र त्या वर्षी पहिल्यांदाच गणपतीच्या कानावर गेलं.

या वैराला कारण होतं. युनियनच्या पहिल्या करारात पगारवाढ कुणाला, तर ‘टर्नर, फिटर, मिलर वगैरेंना’, असं लिहिलं होतं. त्या वगैरेत साहेबांनी गुंडूअण्णांना घेतलं आणि कँटीनच्या बायकांना वगळलं. नंजम्मा आनेकलहून पहाटेच्या बसने येऊन सगळ्या कारखान्याला इडल्या वाढायची. तिने अण्णांना एवढंच विचारलं, “अण्णा, ना होरगा?” म्हणजे, मी बाहेर का?

अण्णांनी त्या दिवशी इडली खाल्ली नाही. “माझा पट्टा वगैरेत बसतो,” ते मला म्हणाले, “आणि मला चटणी वाढणारी बसत नाही? वगैरे म्हणजे साहेबाच्या खिशातली जागा. हवा तो आत, नको तो बाहेर!”

पुढच्या कराराच्या वेळी अण्णा हट्टाने वाटाघाटीत बसले. माझं इंग्रजी बरं म्हणून मसुदा मी लिहीत होतो. साहेब म्हणाले, “सगळी कामं लिहायला लागलो तर कागद पुरणार नाही. वगैरे लिहू या.”

“साहेब, पगाराच्या दिवशी खिडकीवर ‘वगैरे’ अशी हाक मारली, तर पुढे कोण येणार?”

साहेबांनाही हसू आलं. वगैरे खोडलं गेलं. अण्णा मराठीत एकेक काम सांगत गेले आणि मी इंग्रजीत उतरवत गेलो. कँटीन, माळी, झाडूवाले. सगळ्यात शेवटी, जरा लाजत, ते म्हणाले, “पट्टेवाला.”

करारावर सह्या झाल्या. नंजम्मा आत आली. तिने त्या दिवशी वाढलेली चटणी इतकी तिखट होती की आनंदाश्रू कुणाचे आणि मिरचीचे कुणाचे, ते कळेना.

पगाराच्या दिवशी अण्णा माझ्याकडे आले. “जोशी, माझी वाढ दिसत नाही.”

मी करार काढला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझी कानशिलं तापली. पुण्यात पट्टेवाला म्हणजे कचेरीतला शिपाई. मी लिहिलं होतं, ‘प्यून’. पट्टे शिवणारा माणूस करारात कुठेच नव्हता. आणि ज्या वगैरेत तो पूर्वी मावत होता, ते त्याने स्वतःच खोडायला लावलं होतं.

“उद्याच साहेबांकडे जातो,” मी म्हणालो.

“नको. एक ओळ बदलायला गेलात तर ते अख्खा करार पुन्हा उघडतील. नंजम्मा आत्ताच आत आलीय. दार स्वल्प, थोडे दिवस, बंदच राहू दे. आणि कुणाला सांगू नका, तिच्या कानावर जाईल.”

पुढचा करार होईपर्यंत, काही वर्षं, ते बाहेर राहिले. लोक म्हणू लागले, गुंडू साहेबांचा माणूस, म्हणून युनियनच्या करारात नाही. त्यांनी सांगू नका म्हटलं होतं आणि गप्प राहणं मलाही सोयीचं होतं. परवा जुन्या लोकांच्या मेळाव्यात तेच पुन्हा ऐकलं. अण्णा आता नाहीत. नंजम्माही नाही. म्हणून हे लिहितो आहे.

त्या पगाराच्या संध्याकाळी बायकोने त्यांच्यापुढे बशी ठेवली. “अण्णा, तुमचं वगैरे.”

त्यांनी लाडू हातात घेतला. म्हणाले, “वहिनी, आईवडील गेल्यावर मी काकांकडे वाढलो. पाहुणे आले की काका मुलं दाखवायचे. हा दत्तू, हा विनू, ही शांता, वगैरे.” ते हसले. “मी शांताच्या शेजारी उभा असायचो.”

 दुसऱ्या दिवशी जेवायची हाक मारताना आमच्या मुलांच्या आधी बायकोने भिंतीपलीकडे त्यांचं नाव घेतलं, आणि पुढे रोज घेतलं.

तर माझ्या हातून राहिलेली ओळ आता लिहितो. टर्नर, फिटर, मिलर, कँटीनच्या बायका, माळी, झाडूवाले, शिपाई, आणि यंत्रांचे पट्टे शिवणारे गुंडूअण्णा. वगैरे कुणी नाही.