एफसाठी फुटलेली भिंत

ड्राफ्ट्समनसाहेब पालथ्या बादलीवर बसले होते. बाथरूमला आतून कडी होती आणि मांडीवर माळ्यावरून काढलेली गिटार.

हे सगळं एका थापेपायी. लग्नाआधी भाव मारायला त्यांनी सांगितलं होतं की, आपण गिटार वाजवतो. त्यानंतर चोवीस वर्षं ती गिटार कधी मित्राकडे असायची, कधी दुरुस्तीला. यंदा बायकोनं पेचात पकडलं. "लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मला दागिना नको. माझं आवडतं गाणं वाजवून दाखवा." साहेबांनी गुपचूप जुनी गिटार विकत आणून माळ्यावर लपवली. शिकताना सापडलो तर थाप उघडी पडणार, म्हणून बाथरूम.

बाकीच्या कॉर्ड महिन्याभरात वठणीवर आल्या. घोडं अडलं ते एफपाशी. ही बार कॉर्ड. तर्जनी सहाही तारांवर आडवी घालून एकसारखी दाबायची. साहेब दाबायचे. बोट पांढरंफटक, चेहरा लालबुंद आणि आवाज? खर्रर्र-थप्प! पण माणूस चिवट. ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा ते टेबलाच्या कडेवर तर्जनी दाबून बसत. "बघतोच कशी वाजत नाही ती," असं स्वतःला बजावत.

थोड्याच दिवसांत खालच्या मजल्यावरचे मास्तर वर आले.

"वहिनी, तुमच्या बाथरूमच्या पाइपात काहीतरी अडकलंय. रोज सकाळी खर्रर्र-थप्प, खर्रर्र-थप्प! माझं बीपी वाढलं."

"मलाही येतो हो आवाज," बायको म्हणाली. "बोलवा प्लंबरला."

खरं बोलावं तर थाप बाहेर, गप्प बसावं तर प्लंबर आत.

प्लंबरनं भिंतीला कान लावला. आवाज काही येईना, कारण वाजवणारा त्याच्या शेजारीच उभा होता.

"हवा धरलीय पाइपानं," त्यानं निदान केलं. "टाइल्स काढाव्या लागतील."

"सगळ्या?" साहेब जवळजवळ किंचाळले.

"दादा, हवा काय एकाच टाइलमागे बसून राहते?"

दुसऱ्या दिवशी पाणी बंद, निम्मी भिंत उघडी. तरी साहेब टॉवेल घेऊन आत शिरले.

"अहो, नळाला पाणी नाही. अंघोळ कसली करताय?"

"कोरडीच उरकतो!"

ढिगाऱ्यावर बादली, बादलीवर साहेब. खर्रर्र-थप्प. "अजून आहे!" खालून मास्तर ओरडले. दुपारी प्लंबरनं उरलेली भिंतही फोडली. साहेबांना फार वाईट वाटलं, पण आता माघार घेतली तर भिंतही गेली आणि एफही, असा विचार करून त्यांनी बोटाला फुंकर घातली.

वाढदिवसाच्या आदल्या सकाळी त्यांनी कोपर पोटाशी घेतलं, दातओठ खाल्ले आणि तर्जनी आडवी घातली. सहाच्या सहा तारा लख्ख वाजल्या! नळाला नव्हतं ते पाणी साहेबांच्या डोळ्यांत आलं. त्यांनी ती कॉर्ड परत परत वाजवली.

"थांबली एकदाची खरखर!" खालून मास्तर म्हणाले.

"सांगितलं नव्हतं का, हवाच होती," दाराबाहेर येऊन थांबलेला प्लंबर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेबांनी गाणं वाजवलं. एफ जिथे जिथे यायची तिथे तिथे आली आणि खणखणीत आली. बायकोचे डोळे भरले.

"वाजवलंत की हो!"

"सवय सुटली होती जरा," साहेब ऐटीत म्हणाले.

"तरीच. पाइपातून रोज 'आई गं, मेलो' असं ऐकू यायचं."

साहेबांची तर्जनी तारांवरून घसरली.

"म्हणजे तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस? अख्खी भिंत फुटली!"

"किती वर्षं सांगतेय, त्या टाइल्स बदला म्हणून. ऐकलंत कधी?" बायकोनं डोळे पुसले. "आता निळ्या बसवू. आणि ते गाणं परत वाजवा बघू, थापाडे कुठले."