इंगळेमामांच्या कानातली रुई

क्रिकेटचं धावतं वर्णन ऐकायला येताना कानात कापूस घालून येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या खामगावचे इंगळेमामा. बरं, कापूसही कसलाही चालत नसे. मामा जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, रुई पारखायला होते. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढायची आणि धागा किती लांब आहे ते नुसत्या नजरेनं सांगायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे कसोटी सामना असला की कानात लांब धाग्याची रुई आणि रणजी असली की साधी. मी एकदा न राहवून विचारलं, "मामा, ऐकायला येता आणि कान बुजवता, हे काय?"

"आपला गडी आउट झाला का थे वंगाळ पह्यले रुईत अटकते, भाऊ. मंग हळूहळू कानात जाते. झटका कमी बसते."

मी पुस्तकांच्या नोंदी करत बसलो.

मी तेव्हा गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं द्यायची, जागा झाडायची, वर्तमानपत्रं काठ्यांना लावायची आणि भांडणं सोडवायची. पहिल्या तीन कामांनी मिळून दमत नसे तेवढा मी चौथ्यानं दमायचो, आणि त्यातला बारा आणे वाटा एकट्या मामांचा असे. चपला ठेवण्यावरून भांडण, पंख्यावरून भांडण, पुस्तकाचं पान कोणी दुमडलं यावरून भांडण. संध्याकाळी घरी गेलो की बायको म्हणायची, "आज पुन्हा इंगळेमामा का?" माझ्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं असायचं.

राज्य नवं होतं आणि वाचनालयाचा रेडिओ त्याहून नवा. एका कापूस व्यापाऱ्यानं वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला, चांगला देव्हाऱ्याएवढा, लाकडी पेटीचा. घरोघरी रेडिओ यायला अजून अवकाश होता, तेव्हा सामना असला की अर्धा गाव वाचनालयात. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी आणि तिच्याखाली साठ-सत्तर माणसं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेली.

या गर्दीत मामांची जागा ठरलेली. रेडिओच्या अगदी शेजारी एक स्टूल. सगळ्यांची तोंडं रेडिओकडे, तर मामांचं तोंड सगळ्यांकडे. उजवा हात रेडिओच्या पेटीवर उताणा नाही, चांगला पालथा, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. दिवसभर तो हात तिथून हलायचा नाही. चहासुद्धा डाव्या हातानं प्यायचे. वर पुन्हा लोकांना प्रश्न विचारून हैराण करायचे.

"काय झालं? काऊन ओरडले बे?"

"चौका, मामा."

"काय म्हनतं? मर्दासारखं बोल ना! सकाळी जेवला नाई काय?"

"चौका! चौका मारला!"

"हां. धागा पाह्य, धागा!"

'धागा पाह्य' हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. जगातल्या सगळ्या फलंदाजांची त्यांनी रुईसारखी प्रतवारी लावली होती. टिकून खेळणारा तो लांब धाग्याचा. दोन चौके मारून परत येणारा आखूड धाग्याचा. आणि जो झेल सोडतो त्याच्यात नुसती सरकी. माझीही सुटका नव्हती. मी स्वभावानं हळू बोलणारा. मामा सगळ्यांसमोर म्हणायचे, "भाऊ, मानूस तुम्ही चांगले हा, पन आवाज लय आखूड धाग्याचा."

आणखी एक खोड म्हणजे फळा. दारातल्या फळ्यावर रोज सुविचार लिहिला जाई. सामन्याच्या दिवशी मामा तो पुसायला लावत आणि धावसंख्या लिहायला लावत. कोण खेळतोय, कोण बाद झाला, कसा झाला, सगळं. "लिहून ठेवा. पुढच्या पिढीले कामी येईन." पुढची पिढी काय करणार होती त्या आकड्यांचं, देव जाणे. हाताला खडू लागून लागून माझी बोटं फुटली.

तो सुविचार लिहायचे वानखडे गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक आणि वाचनालयाचे अध्यक्ष. 'मौन हे सर्वश्रेष्ठ भूषण आहे' हे त्यांचं वळणदार अक्षर पुसून मी त्यावर 'चार बाद एकशे बारा' लिहिलं, त्या दिवशी ठिणगी पडली. गुरुजींनी सभा बोलावली. वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांचं म्हणणं, वाचनालय वाचण्यासाठी असतं. क्रिकेटवाल्यांचं म्हणणं, रेडिओ लोकांना दिलेला आहे. आणि मागे बसणाऱ्या क्रिकेटवाल्यांचं वेगळंच म्हणणं. ते म्हणाले, आम्हाला धड ऐकू येत नाही, आणि इंगळेमामा मात्र रेडिओ बापाचा असल्यासारखा धरून बसतात.

तीन तास सभा चालली. शेवटी ठरलं की रेडिओ काचेच्या कपाटात ठेवायचा, कपाटाला कुलूप, किल्ली ग्रंथपालाकडे. तिथून तार काढून अंगणातल्या कडुनिंबावर भोंगा लावायचा. वाचणाऱ्यांनी आत बसावं, ऐकणाऱ्यांनी बाहेर. सगळ्यांना सारखं ऐकू येईल. रेडिओला हात कोणीच लावायचा नाही. मला तर हायसं वाटलं. इतका शहाणा ठराव आमच्या समितीनं आजवर केला नव्हता.

विरोध फक्त एकाचा. मामा उभे राहिले. "भोंग्यातून किरकेट येत नाई."

"का येत नाही?" गुरुजींनी विचारलं.

"येत नाई म्हंजे नाई. नुसती कलकल येते. मले माही जागा पाह्यजे."

"अहो, भोंग्याचा आवाज दसपट मोठा आहे!"

"मोठा असन. मले हात ठेवा लागते."

सगळी सभा हसली. हात ठेवा लागते! मामांनी जांभळ्या शाईत पाच अर्ज दिले. समितीनं पाचही फेटाळले. लोक उघड बोलू लागले की मामांना क्रिकेटशी देणंघेणं नाही, त्यांना मान पाहिजे. मलाही तेच वाटलं. त्यांनी मला चार दिवस दारात गाठून किल्ली मागितली. चौथ्या दिवशी मी वैतागून म्हटलं, "मामा, सगळ्यांना जे मिळतं ते तुम्हाला का पुरत नाही?" ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि निघून गेले. भांडण न करता मामा गेले, असं पहिल्यांदाच झालं. मी तेव्हा त्यालाही सुटका समजलो.

पुढचा सामना कसोटीचा होता. मामांचा रुसवा काढावा म्हणून गुरुजींनीच मोठ्या मनानं एक गोष्ट केली. भोंग्याच्या बरोबर खाली, सगळ्यांच्या पुढे, त्यांच्यासाठी मानाची खुर्ची ठेवली. मान पाहिजे ना, घ्या मान. मामा येऊन बसले. कानात लांब धाग्याची रुई. पुढे कडुनिंबाचं खोड आणि सगळी माणसं पाठीमागे. दोन-तीनदा ते मान वळवून मागे बघायला लागले, तेव्हा मागचे ओरडले, "मामा, आता तं सरळ बसा! येवढी खुर्ची देल्ली तुमाले!" मग ते सरळ बसले. डोळे मिटून घेतले. हात मांडीवर रिकामेच होते, ते एकमेकांत अडकवले. मधूनमधून मान डोलावून म्हणायचे, "वा! धागा पाह्य, धागा!"

शेवटच्या दिवशी दुपारी आपले सात गडी बाद झाले होते आणि सामना वाचवायचा होता. अंगणात श्वास रोखलेला. तेवढ्यात एका वानरानं वाचनालयाच्या कौलांवरून उडी मारली ती नेमकी तारेवर. तार तुटली. भोंगा एकदम गप्प झाला. लोकांनी कपाळाला हात लावला. कोणी वानराला शिव्या दिल्या, कोणी मला. मी शिडी शोधायला वळलो आणि मागून आवाज आला.

"वा! धागा पाह्य, धागा!"

मामा डोळे मिटून, मान वर करून, मुक्या भोंग्याला दाद देत होते.

लोक आधी थबकले, मग हसत सुटले. "मामा, भोंगा बंद पल्डा!" कोणी तरी ओरडलं. मामा डोलतच होते. "मामा!" काही नाही. मग खुर्चीला कोणाचा तरी धक्का लागला आणि त्यांनी डोळे उघडले. मागे वळले. सत्तर माणसं आपल्याकडे बघून हसतायत हे त्यांना दिसलं. त्यांनी भोंग्याकडे बघितलं, लोंबकळणाऱ्या तारेकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. मी हसत नव्हतो. त्यांना कळलं की मला कळलं.

क्षणभरच. लगेच छाती पुढे काढून म्हणाले, "मले मालूम हाय बे! मी मनातल्या मनात आयकून राह्यलो!" लोक आणखी हसले. मामांच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टींत एकीची भर पडली आणि सगळे पुन्हा वानराकडे वळले.

मी मामांचा दंड धरला. "चला, कपाट उघडायचंय," म्हणून आत नेलं. वाचायच्या खोलीत कोणी नव्हतं. रेडिओ कपाटात सुरूच होता, त्याला तार तुटल्याचं काय! मी कुलूप काढलं. मामांनी पेटीवर हात ठेवला.

"वाजून राह्यला," ते म्हणाले. "पब्लिक ओरडली का लाकूड थरथरते. आउट झाला का येगळं थरथरते. मंग मी लोकायचे तोंडं पाह्यतो, का आपला का त्यायचा. राह्यलेलं तुमच्या फळ्यावर वाचतो."

"कधीपासून, मामा?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "जोरानं म्हना, भाऊ." आयुष्यात पहिल्यांदाच त्या वाक्यात दटावणी नव्हती.

त्यांनी कानातली रुई काढून टेबलावर ठेवली. ती ऐकू न येण्याचं निमित्त होती, एवढंच. पारखी होण्याआधी वीस वर्षं ते जिनच्या यंत्रांशेजारी उभे होते. तिथल्या गडगडाटात कान कधी गेले ते त्यांनाही नेमकं सांगता आलं नाही.

"मग सांगायचं नाही का? लोकांनी समजून घेतलं असतं," मी जोरानं म्हटलं.

"माहा बाप जिनातच बहिरा झाल्ता, भाऊ. त्याले सारेच समजून घेत. घरात चार जनं बोलत बसले का थो मधात येऊन बसे अन् उगाच हासे. काय चाल्लं थे त्याले कोनी सांगेच ना. मीबी नाई. दोनदा सांगा लागते म्हून कंटाळा ये मले. वाईट कोनी नोतं वागत. नुसतं बोलनं बंद झालं. भिताडाकडं तोंड करून गेला थो." त्यांनी पेटीवरची धूळ पुसली. "बोलनं हळू असते. भांडन जोरानं असते. भांडन मले आयकू येते."

मला स्वतःची फार लाज वाटली. चपला, पंखा, दुमडलेलं पान. इतकी वर्षं हा माणूस माझ्याशी दोन शब्द बोलायला येत होता आणि मी घरी जाऊन दमलो म्हणून सांगत होतो.

बाहेर तार जोडली गेली. सामना अनिर्णित सुटला.

समितीपुढे मी एक धडधडीत खोटं बोललो. म्हटलं, रेडिओत खरखर येते, त्याला अर्थिंग लागतं. माणसाचा हात पेटीवर असला की खरखर जाते. जिनात काम केलेला हात असेल तर उत्तम. गुरुजींनी चष्मा वर करून विचारलं, "डावा चालेल का?" मी म्हटलं, उजवाच बरा. तसा ठराव झाला. सामन्याच्या वेळी कपाट उघडं ठेवावं आणि श्री. इंगळे यांनी लोकांकडे तोंड करून यंत्रावर हात ठेवावा. ऐकणारे पुन्हा आत आले आणि गुरुजींचा सुविचार पुन्हा पुसला गेला.

पण हे नंतरचं. सामना सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामा नेहमीसारखे वर्तमानपत्र वाचायला आले. कानात ताजी रुई होती. दारातच उभे राहिले आणि माझ्याकडे बघू लागले. पुढे येईनात. कशाची वाट बघतायत ते मला लगेच कळलं. आता हाही आपल्याला समजून घेणार का, हळू आवाजात गोड बोलणार का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

खोलीत पाच-सहा जण मुकाट्यानं वाचत होते. कोपऱ्यात गुरुजी होते. डोक्यावर 'शांतता राखा'ची पाटी होती. मी उठलो, छातीत मावेल तेवढा श्वास घेतला आणि आमच्या घराण्यात कोणी ओरडलं नसेल असा ओरडलो, "मामा! चपला कुठं काढल्या? इतकी वर्षं झाली, काही शिस्त आहे की नाही?"

सगळी वर्तमानपत्रं एकदम खाली आली. गुरुजींचा चष्मा मांडीवर पडला. चपला जिथल्या तिथे, अगदी रांगेत होत्या.

मामांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. ते ताडताड माझ्या टेबलापाशी आले, त्यावर हात आपटला आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडले, "काऊन ओरडता हो, भाऊ? मी काय बहिरा हाय?"