‘ट्रॅफिक’ शब्दाची फाट्यावरील व्युत्पत्ती

कोणताही शब्द समुद्र ओलांडून येताना आपला थोडा अर्थ बंदरावरच विसरतो. ‘ट्रॅफिक’चंच बघा. पाच-एकशे वर्षांपूर्वी इटलीचे व्यापारी हा शब्द मालाच्या देवघेवीला वापरत. (त्यांनी तो कुठून आणला यावर विद्वानांत एकमत नाही. एकमत झालं तर विद्वान हवेत कशाला?) तिथून तो फ्रेंचांकडे गेला, मग इंग्रजांकडे. पुढे गाड्यांच्या ये-जा करण्यालाच ट्रॅफिक म्हणू लागले आणि देवघेव मागे पडली.

ही चूक दुरुस्त करण्याचा मान सणसवाडी आणि शिरूरच्या मधल्या एका फाट्याकडे जातो. तिथे गाड्या अडकल्या की देवघेव सुरू होते, आणि देवघेव सुरू झाली की गाड्या निघत नाहीत. मूळ अर्थाशी इतकी निष्ठा इटलीतही उरली नसावी.

हे कार्य ‘कोंडी विकास समिती’ पाहते. अध्यक्ष बबनरावआबा. समितीच्या पाहणीत अडकलेल्यांपैकी शंभर टक्के लोक अडकलेलेच आढळले. माणूस आधी हॉर्न वाजवतो, मग सरकारला शिव्या देतो, मग काकडी घेतो. (शिव्या गाळून थेट काकडीवर येणारे सुज्ञ अजून थोडे आहेत.) कोंडी घडवण्याची जबाबदारी ईश्वरवर. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर घेऊन तो रोज संध्याकाळी फाट्यावर वळतो. वळतो म्हणणं बरोबर नाही, वळायला लागतो.

या कोंडीत करुणाचा जीव अडकला होता. ती सणसवाडीच्या एका कंपनीत पॅकिंगला, खोली शिरूरला, नवरा रात्रपाळीला, आणि आठ महिन्यांची लेक माया फाट्यावर, करुणाच्या आईपाशी. खोलीवर सांभाळायला कोण होतं? रविवार सोडला तर मायलेकींची भेट कोंडीतच. कंपनीच्या बसला फाट्यावर थांबा नाही. थांबा नसताना थांबणं नियमात बसत नाही, अडकणं बसतं. बस अडकली की करुणाची आई पार्वतीबाई डोक्यावर उकडलेल्या शेंगांची पाटी आणि कडेवर माया घेऊन खिडकीशी यायची. शेंगा विकायची, माया मात्र परत घेण्याच्या बोलीवर आत द्यायची. (समितीच्या वर्गवारीत हा ‘किरकोळ व्यवहार’.) लेकराला ओढणीआड घेऊन करुणा मनातल्या मनात म्हणायची, ईश्वरदादा, सावकाश वळ रे बाबा. ऊस काय पळून चाललाय?

ऊस पळाला नाही, संपला. इकडची तोड आटोपली आणि ईश्वर ट्रॉल्यांसकट दौंडकडे गेला. तिकडचा कारखाना अजून चालू होता. फाट्यावर रस्ता मोकळा झाला. ऐन संध्याकाळी, मोकळा! बाया काकड्या सोलून उभ्या, आणि गाड्या सुसाट. समितीने दोन मिनिटं उभं राहून दुःख व्यक्त केलं. (वाहनं तेवढीही उभी राहिली नाहीत.)

त्या दिवशी बस अशी गेली की करुणाला मायाचं लाल टोपडं तेवढं दिसलं. दुसऱ्या दिवशी ती ड्रायव्हरमामांच्या मागे जाऊन उभी राहिली.

“मामा, फाट्यावर थांबवा.”

“ताई, थांबा न्हाई तिथं. सायेब मोबाईलवर बस बघत बसत्यात.”

“मग अडकवा.”

“कशात अडकवू? मोकळ्या रस्त्यात कुणी अडकलंय व्हय?”

“बंद पाडा.”

“नवी बस हाय ओ!”

“नवी हाय म्हंजी लाजत आसंल,” मागून कुणीतरी म्हणालं. “तुमी जरा गोडीत सांगा की तिला!”

सगळी बस हसली. करुणाला हसू आलं नाही. “मामा, लेकरू रातभर रडलंय. आन् माझी ओढणी भिजलीय.”

मामांनी मागे वळून पाहिलं नाही. तीन लेकींची बाळंतपणं त्यांच्या घरात झाली होती. पाहायची गरज नव्हती.

फाट्याच्या बरोबर मधोमध, कोणताही दोष नसताना, नवी बस बंद पडली.

“आगं दम धर की, भवाने!” पार्वतीबाई मायाला दटावत धावली. “घे बाई, तुझी खादाड!” खिडकीतून टोपडं आत गेलं आणि रडणं मध्येच थांबलं. काकड्या धावल्या, शेंगा धावल्या. बबनरावआबा धापा टाकत ड्रायव्हरपाशी आले.

“मामा, उद्या बी बंद पडंल का?”

“दुखणं जुनाट हाय, आबा. हंगाम सुरू हुईस्तवर टिकंल.”

मागे रांग लागली. मायाने पोटभर पिऊन ढेकर दिला, तशी बस आपोआप दुरुस्त झाली.

त्या रांगेत तुम्हीही होतात. हॉर्न वाजवलात, शिव्या दिल्यात, काकडी घेतलीत. फाट्यावर आल्यावर मान बाहेर काढून पाहिलंत: अपघात नाही, खड्डा नाही, काहीच नाही. “उगाच अडकवतात,” म्हणालात. घरी पोचलात तेव्हा तुमचं लेकरू वाट बघून झोपलं होतं. “ट्रॅफिक होतं,” असं तुम्ही सांगितलंत. कोंडी अर्ध्या तासाची होती. उशीर दोन तासांचा होता.