शैलाबाईंच्या गुडघ्याचं म्हणणं

फलटणच्या शैलाबाई खलाटे यांचा उजवा गुडघा एका सकाळी बोलू लागला, आणि पहिलंच वाक्य तो असं बोलला की, यापुढे आपण उकिडवं बसणार नाही.

शैलाबाई शाळेतल्या मुलींना खो-खो शिकवत. उकिडवं बसून दाखवणं हे त्यांचं रोजचंच काम. त्यांनी पाय लांब केला आणि समजुतीच्या स्वरात विचारलं, "अरे, जिल्ह्याचे सामने तोंडावर आलेत. आत्ताच काय झालं?"

"आत्ता नाही, बाई. वर्षभर ठणकावून सांगतोय. तुम्ही तेल चोळता आणि मैदानावर निघता. म्हणून आता तोंडाने सांगितलं." त्याचा आवाज घोगरा, पण अदबशीर होता.

शैलाबाईंचे यजमान विलासराव पूजा आटोपून बाहेर आले. सगळं शांतपणे ऐकून, गुडघ्याकडे बोट दाखवत ते म्हणाले, "त्यांचं काही चुकत नाही. आणि घरात बोलून हे मिटायचं नाही. कुणी जाणतं माणूस मध्ये पाहिजे."

म्हणून तिघं फिजिओथेरपिस्ट डॉ. तबस्सुम आतार यांच्याकडे गेले. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, गुडघा वाकवून पाहिला आणि झीज नुकतीच सुरू झाल्याचं सांगितलं. मग त्यांनी गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना चिकट पट्ट्या लावल्या आणि त्यांच्या तारा मुठीएवढ्या यंत्राला जोडल्या. बटण फिरवताच मुंग्या आल्या.

"हा करंट कशासाठी?" गुडघ्याने विचारलं.

"तुमचं दुखणं नसांमधून वर मेंदूकडे जातं. या मुंग्या त्याच वाटेवर गर्दी करतात. मग दुखण्याला वाट कमी मिळते."

"म्हणजे माझं तोंड दाबणार."

शैलाबाईंना राहवेना. "मला मैदान सोडावं लागेल का, तेवढं सांग," त्या म्हणाल्या. त्यांनी गुडघ्यावर तळहात ठेवला.

गुडघा जरा नरमला. "मैदान मलाही आवडतं, बाई. त्या धुळीतच आपण वाढलो. पण मला एकट्याला झेपत नाही."

"तेच तर," डॉक्टर म्हणाल्या. "यंत्राने झीज भरून येत नाही. पण दुखणं निवलेलं असेल तेवढ्या वेळात बाई मांडीचे व्यायाम करतील. मांडी बळकट झाली की तुमचा भार ती वाटून घेईल."

"तिला हे कबूल आहे?"

सगळ्यांनी मांडीकडे पाहिलं.

"मांड्या बोलत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या, "पण शब्द पाळतात."

गुडघ्याने होकार दिला. उकिडवं बसून दाखवायचं काम संघाच्या कर्णधार मुलीकडे गेलं. रोज शाळेतून आल्यावर शैलाबाई पट्ट्या लावत, व्यायाम करत, आणि विलासराव गुडघ्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत. हळूहळू तो तक्रारीपेक्षा राजकारणावरच जास्त बोलू लागला. जिने चढताना अजून कुरकुरे, पण चढे.

सामन्याच्या दिवशी शेवटच्या डावात एकच गुण हवा होता, आणि संघातली एक मुलगी गड्याच्या मागे धावत होती. शैलाबाई रेषेबाहेर मुठी आवळून उभ्या होत्या.

"उभ्या काय राहिलात?" गुडघा ओरडला. "चला तिच्याबरोबर!"

त्या रेषेच्या कडेकडेने, बेताबेताने का होईना, पळाल्या. आत त्या मुलीने झेप घेतली आणि गडी बाद केला. मुलींनी बाईंना मिठ्या मारल्या. गुडघ्यावर हळद लावावी तशी धूळ बसली होती. ती त्याने पुसू दिली नाही.

गर्दी पांगल्यावर पंच शामराव काळुखे संकोचत जवळ आले. त्यांनी पॅंटचा डावा पाय वर दुमडला.

"आमच्या याने अबोला धरलाय. नुसता सुजतो, बोलत नाही. तुमच्या यांनी चार शब्द समजावले तर उपकार होतील."

शैलाबाईंनी खाली पाहिलं. "बसतो," गुडघा म्हणाला, "पण आमचं आम्हाला बोलू द्या."

विलासरावांनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. शैलाबाई आणि शामराव गुडघ्याला गुडघा टेकून बसले, आणि कुणाचं खासगी बोलणं कानावर पडू नये म्हणून दोघांनीही माना मैदानाकडे वळवल्या.