नाना कंडक्टरची भिंत

भिंतीवर भाकर टांगणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय. बुलढाण्यात आमच्या घराला घर लागूनच राहायचा. खिळा ठोकला, भाकरीला भोक पाडलं, सुतळी ओवली आणि दिली टांगून. मी नुकतीच शाळेतून येत होते. म्हटलं, नाना, हे काय नवीन? तर म्हणाले, "मास्तरीणबाई, स्टॉप आहे हा. भुकेचा."

महाराष्ट्र तेव्हा नवानवा होता आणि नाना जुने कंडक्टर. सारा जन्म साखरखेर्ड्याच्या गाडीवर गेलेला. रिटायर झाले तरी गाडी काही अंगातून उतरली नव्हती. देवळातसुद्धा "सरका समोर, सरका समोर" करत आरतीच्या ताटापर्यंत जायचे. पण वर्षही झालं नाही तो त्यांच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या, अंगावरून वारं गेलं. हात गेले, पाय गेले, वाचा गेली. राहिले ते दोन डोळे. ते मात्र होते तसेच, तिखट.

"तोंडानं नाही तं डोळ्यानं सांगंल," नाना म्हणाले आणि काकूंच्या खाटेसमोरची भिंत त्यांनी भरून टाकली. फुलपात्र म्हणजे पाणी. विणलेला पंखा म्हणजे उकडतंय. उंद्रीला दिलेल्या लेकीचा फोटो म्हणजे पोरीला बोलवा. काकूंनी जिकडे पाहावं ते नानांनी आणून हजर करावं. भाकर पहिल्याच दुपारी मांजरीनं नेली, मग पुठ्ठ्याची कापून लावली.

कल्पना नामी होती, पण तिच्यात एक गोम होती. माणूस नुसतंही पाहतो की हो! काकूंनी पालीकडे पाहिलं की नाना झाडू घेऊन पालीमागे. काकूंनी खिडकीतून निंबाकडे पाहिलं तर नाना पाला तोडून, त्याचा काढा करून हजर. बिचारीनं तो प्यायला. न पिऊन सांगते कोणाला? एकदा मी नवं पातळ नेसून गेले. काकूंची नजर पदरावर गेली मात्र, नानांनी लगेच दुकान विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी काकूंच्या अंगावर तस्संच पातळ. आम्ही दोघी जुळ्या बहिणी दिसायला लागलो.

शेवटी काकूंनी वैतागून डोळे घट्ट मिटून घेतले. नाना जागच्या जागी उडाले. "घंटी देल्ली पाहा, बाई. एक घंटी म्हणजे थांबा." तिथून कायदा ठरला. नुसतं पाहिलं तर काही नाही. पाहून दोनदा डोळे मिटले तर गाडी सोडायची, एकदा मिटले तर थांबवायची. पाल त्या दिवसापासून सुखानं नांदू लागली.

छान चाललं होतं, आणि मधेच काकूंचं काहीतरी बिनसलं. भिंतीकडे पाहून दोनदा डोळे मिटायच्या, आणि नाना जे आणतील त्याला एकदा. पाणी नको, पंखा नको. लेक उंद्रीहून येऊन राहून गेली, तरी तेच. नानांनी घरातली वस्तू न् वस्तू त्यांच्यापुढे धरली, उखळाचं मुसळसुद्धा. काकूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग नानांचं जेवण सुटलं.

माझ्या ओट्यावर येऊन म्हणाले, "बाई, तिले काईतरी पाह्यजे आन् मले समजून नाही राह्यलं. साऱ्या तालुक्याले बराबर स्टॉपवर उतरवलं म्या. हिचाच स्टॉप सापडून नाही राह्यला." मी उठलेच. म्हटलं, चला, मी पाहते.

मी काकूंच्या उशाशी बसले. नाना भिंतीपाशी उभे राहिले. काकूंनी समोर पाहिलं. नाना लगबगीनं बाजूला सरकले, मागे टांगलेला टॉवेल दिसावा म्हणून. नजर बाजूला आली. "उशी पाह्यजे काय वो?" म्हणत नाना आणखी सरकले. नजर पुन्हा तिकडे. तो माणूस अख्ख्या भिंतीभर सरकत होता आणि काकूंची नजर त्याच्यामागे फिरत होती. मला हसावं की कपाळ बडवावं कळेना.

"अहो नाना, सरकू नका. तुमच्यामागचं काही नको त्यांना. तुम्हीच पाहिजेत."

"मी? मी काऊन? मी तं अठीच असतो दिवसभर."

"असता कुठे? धावत असता."

काकूंनी दोनदा डोळे मिटले.

नाना स्टुलावर टेकले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. हातांचं काय करावं ते त्यांना सुचेना, म्हणून ते गुडघ्यांवर ठेवले. "आता काय करू?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"काही करू नका. बसा."

थोडा वेळ बसले आणि उठलेच. मला वाटलं, झालं, हा माणूस काही सुधारायचा नाही. पण ते मोरीत गेले. तोंड धुतलं, केसांना तेल लावून भांग पाडला, पेटीतला लग्नकार्यात घालायचा पांढरा सदरा काढून घातला, त्याची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावली, आणि परत येऊन काकूंसमोर बसले.

"हं," म्हणाले, "पाह्य आता."