सासऱ्यांच्या कीबोर्डची पिन

सासऱ्यांनी कपाटातून जुना कीबोर्ड काढून जावयाच्या मांडीवर ठेवला, तेव्हा घरातले सगळे बघतच राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या गृहस्थांनी जावयाला साधा दिवासुद्धा बदलू दिला नव्हता. "राहू द्या, तुम्हाला शॉक बसेल," असं म्हणून ते स्वतःच शिडीवर चढायचे.

"नव्या कीबोर्डवर माझी बोटंच चालत नाहीत हो," सासरे म्हणाले. "आत्मचरित्र अडून बसलंय. हा जोडता येईल?"

"त्यात काय, बाबा! आत्ता जोडतो."

वायरच्या टोकाला अंगठ्याएवढा जाड गोल प्लग होता, आत पाच पिना. नव्या कॉम्प्युटरची भोकं मात्र सगळी चपटी. जावई चाट पडला. पण आता माघार घेतली तर जन्मभर शिडी धरूनच उभं राहावं लागणार!

"तुला येतं ना हे?" बायकोने हळूच विचारलं.

"गोल म्हणजे गोल. त्यात काय कळायचंय?"

दुकानातून त्याने गोलाचा चपटा करणारा जोड आणला. तो गोल होता खरा, पण करंगळीएवढा, आणि भोकं सहा. जावयाला राग यायला हवा होता. त्याला भलतीच मजा वाटली. "अगं, गोलातही दोन प्रकार! हा धाकटा. बाबांचा थोरल्या पातीतला."

पुन्हा दुकान. थोरल्याचा धाकटा करणारा जोड आला, त्याला धाकट्याचा चपटा करणारा लागला, आणि ती सगळी वरात कॉम्प्युटरमध्ये शिरली. कीबोर्डवरचे दिवे एकदा लुकलुकले आणि विझले.

"बसला का शॉक?" सासऱ्यांनी काळजीने विचारलं.

आता जावई पेटला. त्याने कीबोर्ड पालथा घालून धूळ पुसली. खाली एक इवलंसं सरकतं बटण होतं, त्याच्या दोन बाजूंना दोन जुन्या कॉम्प्युटरांची नावं.

"बाबा, सापडलं! त्या काळी कॉम्प्युटरच्या दोन पिढ्या होत्या. प्लग दोघांना एकच, पण बोली वेगळी. हा अजून पहिल्या पिढीशीच बोलतोय!"

वायर काढून त्याने बायकोच्या केसातल्या पिनेने बटण सरकवलं आणि वायर पुन्हा जोडली. सासऱ्यांनी भीत भीत एक कळ दाबली. खटॅक! पडद्यावर अक्षर उमटलं.

"शाबास, जावईबापू!" सासऱ्यांनी चक्क पाठ थोपटली. जावयाला आभाळ ठेंगणं झालं.

मग आत्मचरित्र सुरू झालं. खटाखट, खटाखट! भिंतीवरची तसबीर थरथरू लागली. जेवणानंतर आडव्या झालेल्या सासूबाई दोनदा दचकून उठल्या, तिसऱ्यांदा सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी जावयाला कोपऱ्यात घेतलं.

"हुशार आहात हो तुम्ही. एवढंच सांगा, यातलं काय जरासं सैल केलं की कोणाला कळत नाही?"

जावयाने एकदा खोलीकडे पाहिलं, एकदा सासूबाईंच्या तांबारलेल्या डोळ्यांकडे.

"मधला जोड, आई," तो पुटपुटला. "केसभरच ओढायचा."

पुढच्या रविवारी जेवण उरकतंय तोच फोन वाजला.

"जावईबापू, पुन्हा बंद पडलं हो! लगेच या. तुमच्याशिवाय हे कोणाला जमणार?"

त्यामागून सासूबाईंचा शांत आवाज आला, "उन्हं उतरल्यावर या म्हणावं. काही घाई नाही."