हमीदभाई, भाभी आणि चुंबकाची फ्रेम

दुकानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हमीदभाई आधी एकच प्रश्न विचारायचे, "छातीत मशीन हाये काय?"

नवी बाई असली की ती पदर सावरून दोन पावलं मागं सरकायची, ती थेट माझ्या पायरीवर यायची. मग मला सांगावं लागायचं की बाई, ते पेसमेकरचं विचारतात, माणूस वाईट नाही. हे दिवसातून तीन-चारदा. पांढरकवड्यात त्यांच्या एम्ब्रॉयडरीच्या दुकानाला लागून माझं पिको-फॉलचं दुकान आहे, हा माझा गुन्हा.

आता हे प्रकरण काय ते सांगते. मशीनवर भरतकाम करायचं तर कापड आधी दोन रिंगांमध्ये ताणून बसवावं लागतं. त्याला फ्रेम म्हणतात. बाहेरच्या रिंगेला स्क्रू असतो, तो प्रत्येक कापडागणिक आवळायचा आणि सैल करायचा. तीस वर्षं हेच करून हमीदभाईंचं उजवं मनगट कामातून गेलं. चहाचा कपसुद्धा डाव्या हातानं उचलायचे. धंदा बंद करायची पाळी आली होती. मग कुणा ओळखीच्या ट्रकवाल्याकडून त्यांनी हैदराबादहून चुंबकाची फ्रेम मागवली. खाली एक पट्टी, वर एक पट्टी, मधात कापड, की खट्. स्क्रूची भानगडच नाही.

ते 'खट्' त्यांनी आख्ख्या लाईनीतल्या दुकानदारांना बोलावून दाखवलं. "पाहा ताई, खट्. झालं. आता मी शंभर वर्ष काम करतो." मीही कौतुकानं हात लावायला गेले आणि बोट सापडलं. महिनाभर नख काळं होतं. त्यावर त्यांचं म्हणणं, "पकड पाहा ना कशी जबर हाये."

फ्रेमसोबत इंग्रजीत छापलेला एक कागद आला होता. तो त्यांनी मेडिकलवाल्याकडून वाचून घेतला. त्यातलं बाकी सगळं विसरले, एवढंच लक्षात राहिलं की छातीत पेसमेकर असलेल्या माणसापासून हे चुंबक दूर ठेवा. आणि सहाच महिन्यांआधी नागपूरला त्यांच्या बायकोच्या, म्हणजे शकीलाभाभीच्या छातीत पेसमेकर बसवला होता.

भाभी लग्न झाल्यापासून त्या मशीनशेजारी स्टुलावर बसायच्या. धागे कापायचे, कापडामागं आधाराला लावलेला कागद फाडायचा आणि नवऱ्याच्या चुका काढायच्या, ही त्यांची कामं. तो इंग्रजी कागद ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी हमीदभाईंनी ते स्टूल उचललं आणि माझ्या दुकानात आणून ठेवलं. मला विचारलंही नाही. "भिंत पाहिजे मधात," म्हणाले.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की हातभर अंतर पुरे आहे. हमीदभाईंना ते पटलं नाही. "डॉक्टरले काय जाते? त्याची बायको हाये काय थे?"

तेव्हापासून माझी वरात सुरू झाली. इकडून कापड झालं की मी न्यायचं, भाभींनी धागे कापले की मी पोचवायचं. आमच्या भागात कापूस विकून हातात पैसे आले की लग्नं निघतात. नवरीच्या ब्लाऊजच्या बाहीवर नवरा-नवरीचं नाव पाहिजेच. सीझनमध्ये मी माझा पिको सोडून दिवसभर या दुकानातून त्या दुकानात. कापडाचं एक वेळ ठीक होतं. निरोपांनी जीव नकोसा केला.

"ताई, तिले विचारा, गोळी घेतली काय."

"ताई, त्याईले सांगा, घेतली. सकाळपासून चौथ्यांदा विचारून राह्यले."

भिंत चार इंचाची. एकाचं बोलणं दुसऱ्याला स्वच्छ ऐकू येतं. तरी मधात मी पाहिजे.

एकदा गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर वर 'अंजली' लिहिलं होतं आणि खाली 'सुधाकर'. हमीदभाईंनी दोन्ही नावं बदामात घालून भरून टाकली, जरीच्या धाग्यानं. माझ्या दुकानात ती बाही हातात घेतली आणि भाभींनी कपाळाला हात लावला. "ताई, सुधाकर नवरीचा मामा होये. थो कपडे न्यायले येणार हाये म्हणून लिहिलं होतं." जवळ बसल्या असत्या तर 'सु'वरच मशीन थांबवली असती. ती बाही उसवण्यात हमीदभाईंचा दिवस गेला, आणि दोघांच्या शिव्या पोचवण्यात माझा.

मग ती बोंडअळीची दोन वर्षं आली. कापसाची बोंडं फोडली की आत अळी. लग्नं पुढं ढकलली, झाली ती पाच माणसांत उरकली. बाहीवर नावं कोण भरतो? आमची आख्खी लाईन माशा मारत बसली होती. हमीदभाईंनी चुंबकाची फ्रेम थर्माकोलच्या डब्यात घालून पोटमाळ्यावर टाकली आणि भाभींचं स्टूल परत नेलं. दोघं बंद मशीनजवळ बसून तासन् तास चहा प्यायचे. माणूस चक्क खुशीत होता. मला राग यायचा.

"हमीदभाई, इथं खायचे वांधे अन् तुम्ही हसून राह्यले?"

"काय करू ताई. लय दिवसानं दुकानात मन लागून राह्यलं."

अशात मारेगावची एक बाई बारा ब्लाऊजपीस घेऊन आली. चार दिवसांत पाहिजे म्हणाली. चार महिन्यांतलं पहिलं मोठं काम, नाही म्हणायची सोय नव्हती. ती गेल्यावर भाभी मुकाट्यानं उठल्या आणि स्टूल उचलून माझ्याकडे यायला निघाल्या. मीही सुस्कारा सोडून दारात उभी राहिले.

"कुठं चालली?" हमीदभाई म्हणाले.

"तुमची खट्वाली काढा ना. मी बसतो ताईकडे."

"बस खाली."

त्यांनी टेबलाखालून जुनी स्क्रूची फ्रेम ओढली. कापड लावलं आणि स्क्रू पिळायला लागले. अर्धा आटा गेला आणि हात थांबला. डोळ्यांत पाणी आलं माणसाच्या.

"हात कायमचा जाईल हमीदभाई," मी म्हटलं. "मी नेतो ना कापडं इकडून तिकडं. मले कायचा तरास?" हे मी खोटं बोलले.

ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ताई, मशीन चालू असली का मले पलीकडचं ऐकू येत नाई. थे पडली का, चक्कर आली का, काई समजत नाई. म्हणून घडीघडी मशीन बंद करून गोळीचं विचारतो. गोळी घेते थे, मले मालूम हाये. आवाज आयकाचा रायते तिचा."

भाभींनी स्टूल खाली ठेवलं, नवऱ्याचा हात बाजूला सारला आणि म्हणाल्या, "दाबून धरा तुम्ही फक्त." आणि स्क्रू स्वतः आवळायला लागल्या.

बारा ब्लाऊजच्या चोवीस बाह्या दोघांनी अशाच केल्या. हमीदभाईंनी रिंग दाबायची, भाभींनी स्क्रू आवळायचा. चार दिवस मला कुणी हाक मारली नाही. दमले होते मी, आराम मिळाला, हे खरं आहे. पण पलीकडे स्क्रू जास्त आवळला म्हणून दोघांचं भांडण जुंपलं, आणि मी माझं मशीन बंद करून ऐकत बसले.